नवव्या ओळीतला एक

मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतप्यात, वाडीतल्या आमच्या इमारतीची पाण्याची मोटर जळाली. नागपूर शहर संपता संपता अमरावती रस्त्यावर लागणारी वाडी ट्रान्सपोर्टच्या गोदामांसाठी ओळखली जाते. पाण्याच्या बाबतीत मात्र ती इतर कुठल्याही वस्तीसारखीच आहे. जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी आणि हौदातले पाणी टाकीत चढवणारी मोटर. मोटर आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून आम्ही एक तयार डबी बसवली होती. वाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रीने मोटर उघडताच निदान केले, “सारखी चालू-बंद होत होती, म्हणून जळली.” सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह घेते. मिनिटातून वीसदा सुरू झाली तर तिची तारच तापून जाते.

डबीत नेमका कोणता नियम बसवला होता, हे पाहावे म्हणून ती उघडली. आतला सगळा भाग काळ्या राळेने भरून बंद केलेला. नियम चुकीचा होता, की बरोबर होता पण अपुरा, हे कळायला काही मार्ग नव्हता. चार दिवस टँकरचे पाणी भरले, नवी मोटर आली आणि डबी माझ्या टेबलावर येऊन पडली.

शाळा सुरू झाल्यावर बारावीच्या काही विद्यार्थ्यांपुढे मी तोच प्रश्न ठेवला. असा नियम आपणच लिहिला आणि चिपमध्ये बसवला, तर तो बरोबर आहे याची खात्री मोटर जोडण्याआधी कशी करता येईल? या प्रश्नाच्या निमित्ताने आम्ही प्रोग्रॅमेबल चिपपर्यंत आणि तिच्यासाठी लागणाऱ्या, टंकून आज्ञा देण्याच्या साधनांपर्यंत पोहोचलो. शाळेतल्या जुन्या संगणकावरही हे काम होऊ शकले. ते कसे, ते पाहू.

नियम आधी कागदावर

आपल्याला चार गोष्टी माहीत असाव्या लागतात. प्रत्येकीचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे आहे. ‘हो’साठी १ आणि ‘नाही’साठी ० लिहू.

ह : हौदात पुरेसे पाणी आहे.
क : टाकी काठोकाठ भरली आहे.
त : टाकीतले पाणी तळाजवळच्या खुणेखाली गेले आहे.
च : मोटर या क्षणी चालू आहे.

पहिल्या तीन गोष्टी फ्लोट स्विच सांगतात. चौथी गोष्ट सांगायला वेगळा स्विच लागत नाही. ती चिपने स्वतः लक्षात ठेवायची आहे.

विद्यार्थ्यांनी पहिल्या झटक्यात जो नियम सांगितला तो असा: हौदात पाणी असेल, टाकी भरलेली नसेल आणि पाणी तळच्या खुणेखाली गेले असेल, तर मोटर चालू. वरकरणी यात चूक दिसत नाही. आता ही मोटर प्रत्यक्ष कशी वागेल ते मनाशी पाहा. पाणी खुणेखाली जाते, मोटर सुरू होते. बादलीभर पाणी चढताच पातळी खुणेच्या वर येते, मोटर बंद. कुणी नळ उघडतो, पातळी पुन्हा खाली, मोटर पुन्हा चालू. टाकी कधी भरतच नाही आणि मोटर दिवसभर उचक्या देत राहते.

दुरुस्ती सोपी आहे. मोटर एकदा सुरू झाली की टाकी भरेपर्यंत ती चालू राहिली पाहिजे. म्हणजे ‘त’च्या जागी ‘त किंवा च’ असे म्हणायचे. दुरुस्त नियम असा: ह आणि क-नाही आणि (त किंवा च).

चार गोष्टींच्या हो-नाहीची एकूण २ × २ × २ × २ = १६ संयोजने होतात. बारावीच्या गणितात आपण जी सत्यता सारणी शिकवतो, तीच इथे सोळा ओळींची होते. ह, क, त, च या क्रमाने अंक लिहिले, तर ०००० ही शून्यावी ओळ आणि ११११ ही पंधरावी. प्रत्येक ओळीपुढे मोटरचे उत्तर लिहिले आणि ती सोळा उत्तरे सलग मांडली, की असे दिसते:

पहिला नियम : ०००० ०००० ००११ ००००
दुरुस्त नियम : ०००० ०००० ०१११ ००००

फरक फक्त एका अंकाचा आहे. तो नवव्या ओळीत, म्हणजे १००१ या ओळीत पडतो: हौदात पाणी आहे, टाकी भरलेली नाही, पाणी तळच्या खुणेच्या वर आहे आणि मोटर चालू आहे. या स्थितीत मोटरने चालू राहायचे की थांबायचे, एवढाच प्रश्न. तिथे ० असेल तर मोटर जळू शकते, १ असेल तर टाकी भरते.

सारणीचा आणखी एक उपयोग विद्यार्थ्यांच्या लक्षात आला. टाकी काठोकाठ भरलेली आहे आणि त्याच वेळी पाणी तळच्या खुणेखालीही आहे, अशा चार ओळी तिच्यात येतात. असे कधी घडत नाही, म्हणून आपण त्या विसरतो. पण एखादा फ्लोट अडकला तर चिपसमोर नेमकी हीच स्थिती येईल. सारणीत प्रत्येक ओळीला उत्तर द्यावेच लागते. आम्ही तिथे ० लिहिला, म्हणजे शंका आली तर मोटर बंद.

पाढे पाठ असलेली चिप

प्रोग्रॅमेबल चिपच्या पोटात काय असते? सात आठे किती, असे विचारले की आपण आठ वेळा सातची बेरीज करत बसत नाही. पाठ असलेल्या पाढ्यातून उत्तर काढतो. या चिपमधला मूळ घटक तसाच आहे. तो एक छोटा तक्ता असतो. त्यात सोळा घरे, प्रत्येक घरात ० किंवा १. बाहेरून येणाऱ्या चार तारा मिळून घराचा पत्ता ठरतो आणि त्या घरातला अंक बाहेर पडतो. चार तारांमधून घडणारा कोणताही हो-नाहीचा नियम यात बसतो, कारण नियम म्हणजे शेवटी सोळा उत्तरेच. असे २¹⁶, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळे नियम एकाच तक्त्यात लिहिता येतात.

प्रत्येक तक्त्याशेजारी एक अंक लक्षात ठेवणारी पेशी असते. तिला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. घड्याळाचा ठोका पडला की तक्त्याचे उत्तर ती टिपून घेते आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवते. आपला ‘च’ इथेच राहतो. तक्ता आणि पेशी मिळून एक खाना. हे खाने चिपवर ओळीने मांडलेले असतात आणि त्यांच्यामधून तारांचे जाळे गेलेले असते. या जाळ्यातली कोणती जोडणी उघडी ठेवायची आणि कोणती बंद, हेही अंकांनीच ठरते. म्हणजे चिप ‘प्रोग्रॅम’ करायची ती दोन गोष्टींनी: तक्त्यांतली उत्तरे आणि जाळ्यातल्या जोडण्या.

अशा जातीची पहिली व्यापारी चिप झायलिंक्स कंपनीने १९८५ मध्ये आणली. तिच्यात ६४ खाने होते. आम्ही वापरली ती लॅटिस कंपनीची आइस-४० कुळातली लहान चिप; तिच्यात १,२८० खाने आहेत. आपला पंपाचा नियम त्यांतला एकच खाना घेतो.

इथे एक गैरसमज वर्गात हमखास होतो. संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे एकामागून एक पाळायच्या सूचना. चिपसाठी लिहिलेले वर्णनही तसेच दिसते, पण ते सूचनांची यादी नसते, मंडलाचा आराखडा असतो. त्यातले सगळे भाग एकाच वेळी काम करतात, फलकावर जोडलेल्या दिव्यांसारखे. पहिल्या दिवशीच हे सांगून ठेवले तर पुढचा बराच गोंधळ वाचतो.

बटण की आज्ञा?

मंडलाचे वर्णन करण्यासाठी व्हेरिलॉग आणि व्हीएचडीएल या दोन भाषा प्रचलित आहेत. व्हेरिलॉगमध्ये ‘आणि’साठी &, ‘किंवा’साठी | आणि ‘नाही’साठी ~ हे चिन्ह वापरतात. प्रत्यक्षात नावे रोमन अक्षरांत टंकावी लागतात. आपल्या अक्षरांत लिहिले तर नियमाची ओळ अशी दिसेल:

च <= ह & ~क & (त | च)

बाणासारख्या चिन्हाचा अर्थ, पुढच्या ठोक्याला ‘च’ची किंमत उजवीकडल्या उत्तराएवढी होईल. ही एक ओळ सोळा अंकांत आणि शेकडो जोडण्यांत उतरवण्याचे काम सॉफ्टवेअर करते.

चिप बनवणाऱ्या कंपन्या त्यासाठी मोठी सॉफ्टवेअर देतात. पडद्यावर खिडक्या उघडतात, एक बटण दाबले की सगळे टप्पे आपोआप पार पडतात. ती चांगली आहेत, पण अनेक गिगाबाइटची असतात आणि शाळेच्या संगणकाला झेपत नाहीत. शिवाय, बटणाच्या मागे काय घडले ते विद्यार्थ्याला दिसत नाही. खरे तर त्या बटणामागेही वेगवेगळे लहान प्रोग्रॅम एकामागून एक चालत असतात. ऑल्टेराच्या क्वार्टस या सॉफ्टवेअरमध्ये मॅप, फिट आणि असेंबलर असे टप्प्यांचे स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत आणि तेही आज्ञा टंकून चालवता येतात.

आइस-४० साठी तर संपूर्ण मार्ग खुल्या साधनांचा आहे. त्याची कथा सांगण्यासारखी आहे. चिपच्या शेवटच्या फाइलमधला कोणता अंक कोणत्या तक्त्याचा आणि कोणत्या जोडणीचा, हे कंपन्या सहसा प्रसिद्ध करत नाहीत. व्हिएन्नाच्या क्लेअर वुल्फ आणि त्यांचे सहकारी मथियास लासर यांनी कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून असंख्य छोटी मंडले तयार करून घेतली. मंडलात एक बदल केला की फाइलमधला कोणता अंक बदलतो, हे ते टिपत गेले. २०१५ मध्ये त्यांनी हा नकाशा ‘आइसस्टॉर्म’ या नावाने सर्वांसाठी खुला केला. वर्णनाचे मंडलात रूपांतर करणारा ‘यॉसिस’ हा प्रोग्रॅम वुल्फ यांनी आधीच लिहिला होता. खाने आणि तारा ठरवणारा ‘नेक्स्टपीएनआर’ २०१८ मध्ये आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम टिपायचा, ही प्रयोगशाळेत आपण शिकवतो तीच पद्धत.

पाच टप्पे, पाच फाइली

लिनक्स असलेल्या संगणकावर काळी खिडकी उघडून आज्ञा टंकायच्या. टप्पे असे:

१. तालीम. ‘आयकॅरस व्हेरिलॉग’ हा प्रोग्रॅम चिप नसतानाच मंडल चालवून दाखवतो. आपण ह, क, त यांच्या किंमती द्यायच्या. तो प्रत्येक ठोक्याला ‘च’ काय झाला ते छापतो. ‘जीटीके-वेव्ह’मध्ये हेच आलेखासारखे पाहता येते.

२. संश्लेषण. यॉसिस वर्णन वाचतो आणि ते तक्ते व पेशींमध्ये उतरवतो. शेवटी हिशेब छापतो: तक्ते १, पेशी १. निघालेली फाइल साधी मजकुराची असते, उघडून वाचता येते.

३. मांडणी. नेक्स्टपीएनआर प्रत्येक घटकाला चिपवरचा एक खाना नेमून देतो आणि तारांचे मार्ग ठरवतो. कोणता संकेत चिपच्या कोणत्या पायावर, ते आपण एका छोट्या फाइलीत लिहून द्यायचे असते. मंडल जास्तीत जास्त किती वेगाने चालेल, तेही हा प्रोग्रॅम सांगतो.

४. बांधणी. ‘आइसपॅक’ त्या मजकुराची चिपला समजणारी अंकांची फाइल करतो.

५. भरणी. ‘आइसप्रॉग’ ती फाइल यूएसबी तारेतून बोर्डावरच्या स्मृतीत लिहितो. वीज आली की चिप तिथून आपली मांडणी वाचून घेते.

तिसऱ्या टप्प्याची फाइल विद्यार्थ्यांनी आवर्जून उघडावी. चिपवरचे खाने आठ-आठच्या गटांत असतात आणि अशा प्रत्येक गटासाठी ५४ अंकांच्या १६ ओळी तिथे छापलेल्या दिसतात. बहुतेक सगळी शून्ये, मध्ये कुठे तरी थोडे एक. आमची मुले त्यात ०१११ शोधू लागली. ते तसे सापडत नाही, कारण मांडणी करताना चार तारांचा क्रम बदलू शकतो आणि तक्त्याची घरेही चिपमध्ये वेगळ्या क्रमाने असतात. त्यासाठी आइसस्टॉर्ममध्ये एक उलटा प्रोग्रॅम आहे. तो अंकांची फाइल वाचून तिच्यावरून पुन्हा व्हेरिलॉग लिहून देतो. ते उलट आलेले वर्णन पुन्हा तालमीला लावले, तर मूळ वर्णनासारखेच उत्तर यायला हवे. आम्ही सोळाही ओळी पडताळल्या. नवव्या ओळीत १ होता. राळेने भरलेल्या डबीबद्दल जे कळू शकले नव्हते, ते इथे अवघ्या काही मिनिटांत कळले.

या आज्ञा दर वेळी टंकण्याची गरज नाही. त्या एका फाइलीत लिहून ठेवता येतात. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेला ‘मेक’ हा प्रोग्रॅम ती फाइल वाचतो, कोणती मूळ फाइल बदलली आहे ते तपासतो आणि तेवढेच टप्पे पुन्हा चालवतो. स्वयंपाकघरातल्या कृतीच्या वहीसारखी ही फाइल असते. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी आली, तरी त्याच कृतीने त्याच पदार्थापर्यंत पोहोचते. कोणत्या खिडकीत कोणते बटण दाबले होते, हे आठवत बसावे लागत नाही.

तालमीत सापडलेली दुसरी चूक

सोळा ओळी बरोबर आल्या म्हणून आम्ही समाधानी होतो. एका विद्यार्थिनीने तालमीसाठी आणखी एक प्रसंग लिहिला. उन्हाळा आहे, नळाला धार बारीक आहे, हौदात पाणी जेमतेम आहे आणि वरची टाकीही रिकामी आहे. मोटर सुरू होते, हौदातली पातळी खाली जाते, ‘ह’ शून्य होतो, मोटर थांबते. पाणी स्थिरावून पातळी किंचित वर येते, ‘ह’ पुन्हा १. ‘त’ तर १ आहेच. मोटर पुन्हा चालू. पडद्यावर ‘च’ची ओळ अशी आली: ० १ ० १ ० १ ०.

म्हणजे तीच उचकी, पण आता टाकीऐवजी हौदाच्या बाजूने. आमची मोटर जळाली तेव्हा वाडीत नेमकी हीच परिस्थिती होती. जुन्या डबीतला नियम कदाचित आमच्या दुरुस्त नियमासारखाच असेल आणि तरीही मोटर जळाली असेल. सारणीची प्रत्येक ओळ बरोबर असूनही ओळींचा क्रम घातक ठरू शकतो, हे आम्हाला तालमीने दाखवले.

उपाय असा ठरला की एकदा थांबलेली मोटर काही मिनिटे विश्रांती घेतल्याशिवाय सुरू होऊ द्यायची नाही. विश्रांती संपली की ‘व’ हा संकेत १ होईल. नवा नियम:

च <= ह & ~क & (च | (त & व))

आता संकेत पाच झाले. सारणी ३२ ओळींची होणार आणि एका तक्त्यात ती मावणार नाही. पण काम दोन तक्त्यांत होते. पहिला ‘त आणि व’चे उत्तर काढतो. दुसऱ्यात आपला जुनाच सोळा अंकांचा नियम राहतो. फक्त ‘त’च्या जागी पहिल्याचे उत्तर येते. नववी ओळ जशीच्या तशी.

विश्रांती मोजायची कशी? बोर्डावरचे घड्याळ सेकंदाला १ कोटी २० लाख ठोके देते. ३२ अंकी द्विमान मोजणीयंत्र शून्यापासून भरायला २³², म्हणजे ४२९ कोटींहून थोडे अधिक ठोके लागतात. भागाकार केला तर सुमारे ३५८ सेकंद, म्हणजे जवळजवळ सहा मिनिटे. मोटर चालू असताना मोजणी शून्यावर ठेवायची, थांबली की सुरू करायची. वीज जाऊन आली तरी मोजणी शून्यापासूनच सुरू होते, म्हणून वीज येताक्षणी मोटर दचकून सुरू होत नाही. या सगळ्याला शंभरहून कमी खाने पुरतात.

तालमीत मात्र ४२९ कोटी ठोके मोजत बसणे शक्य नव्हते. जुना संगणक त्यात दिवस घालवील. म्हणून मोजणीची रुंदी वर्णनात ‘३२’ अशी पक्की न लिहिता एका नावाने लिहिली आणि तालमीच्या आज्ञेत त्या नावाची किंमत ४ दिली. सोळा ठोक्यांत विश्रांती संपते, बाकी सगळे तेच. चिपसाठी तीच किंमत पुन्हा ३२. मूळ वर्णनाला हात न लावता आज्ञेतला एक आकडा बदलून हे झाले.

एक बारकावा सांगायला हवा. फ्लोट स्विच चिपच्या ठोक्याशी ताल धरून उघडझाप करत नाही. नेमक्या ठोक्याच्या क्षणी बदल झाला तर पेशी क्षणभर ० आणि १ यांच्या अधांतरी राहू शकते. म्हणून बाहेरून येणारा प्रत्येक संकेत आधी एकापाठोपाठ दोन पेशींमधून नेतात. साधारण तालमीत ही अडचण दिसत नाही. तालीम किती खरी आहे, यालाही मर्यादा असतात.

पवईचा क्रिप्टॉन आणि खोडदच्या तबकड्या

महाराष्ट्रात अशा शिक्षणाचा एक चांगला नमुना पवईला, आयआयटी मुंबईच्या वाधवानी इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत पाहायला मिळतो. तिथे विद्यार्थ्यांसाठी ‘क्रिप्टॉन’ नावाचा बोर्ड तयार करण्यात आला. त्यावर ऑल्टेराची मॅक्स-५ कुळातली १,२७० खान्यांची चिप आहे. तिचाही खाना चार तारांचा तक्ता आणि एक पेशी असाच. ही चिप आपली मांडणी स्वतःच्याच पोटात जपते, त्यामुळे वीज गेल्यावरही विसरत नाही.

विद्यार्थी क्वार्टसमधून आपले मंडल तयार करतात आणि त्यातून एक मजकुराची फाइल काढतात. ती चिपमध्ये भरण्यासाठी ‘यूआरजेटॅग’ हा आज्ञांवर चालणारा खुला प्रोग्रॅम वापरला जातो. मोजून तीन आज्ञा: कोणती तार जोडली आहे ते सांगा, चिप ओळखा, फाइल भरा. १९९० मध्ये प्रमाणित झालेल्या ‘जेटॅग’ या पद्धतीने चार तारांमधून अंक एकामागून एक आत सरकवले जातात. त्याच तारांनी चिपच्या आत संकेत पाठवून उत्तरही बाहेर काढता येते.

या प्रयोगशाळेची एक पद्धत आपल्या वर्गांनी घ्यावी अशी आहे. विद्यार्थी कोणत्या संकेताला कोणते उत्तर यायला हवे, याची यादी एका फाइलीत ओळीने लिहितो. तालमीत मंडल त्या यादीशी ताडले जाते आणि चिपमध्ये भरल्यानंतर प्रत्यक्ष चिपही त्याच यादीशी ताडली जाते. अपेक्षा आधी लिहायची, मग उत्तर पाहायचे. आमच्या सोळा ओळी म्हणजे अशीच यादी होती.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही अशाच चिपा काम करतात. तिच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. सुधारित दुर्बिणीत तबकड्यांकडून आलेले संकेत अंकांत रूपांतरित झाल्यावर मोठ्या प्रोग्रॅमेबल चिपांच्या बोर्डांवर जातात आणि तिथून पुढच्या गणितासाठी संगणकांकडे. खगोलशास्त्रज्ञांना गणिताची रीत बदलायची असेल तर तारा उपटाव्या लागत नाहीत, चिपमधली मांडणी बदलली की पुरते. पंपाचा नियम आणि आकाशगंगेचा संकेत यांत खान्यांच्या संख्येचा फरक आहे, खान्याच्या स्वभावाचा नाही.

वर्गात काय करता येईल

संगणक नसेल तरी सुरुवात होऊ शकते. सोळा विद्यार्थ्यांना ० ते १५ असे क्रमांक द्या आणि प्रत्येकाच्या हाती ० किंवा १ लिहिलेला पुठ्ठा. समोर चार विद्यार्थी ह, क, त, च म्हणून उभे करा. ते हात वर किंवा खाली ठेवतील. त्यांच्या हातांवरून क्रमांक काढायचा आणि त्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याने आपला पुठ्ठा दाखवायचा. मग ‘च’ने त्या उत्तराप्रमाणे आपला हात बदलायचा आणि पुढचा ठोका. नऊ क्रमांकाच्या मुलाचा पुठ्ठा मध्येच ० करून पाहा. मोटर उचक्या कशा देते ते सगळ्यांना दिसेल.

संगणक असेल पण बोर्ड नसेल, तर पहिले चार टप्पे आणि उलट भाषांतर करता येते. बोर्ड असेल तर फ्लोटच्या जागी साधे स्विच आणि मोटरच्या जागी बोर्डावरचा दिवा घ्या. चिप सुमारे ३.३ व्होल्टची आहे. घरातली २३० व्होल्टची मोटर तिला कधीही थेट जोडू नये. मधले रिले आणि कॉन्टॅक्टरचे काम परवानाधारक तंत्रज्ञाचे आहे.

आमच्या इमारतीत आता दुसरी तयार डबी आहे. ती विकत घेण्याआधी मी दुकानदाराला विचारले, “मोटर थांबल्यावर पुन्हा सुरू व्हायला कमीत कमी किती वेळ लागतो?” त्याला ठाऊक नव्हते. त्याने आतून कागद शोधून आणला, त्यावर पाच मिनिटे लिहिली होती. मुलांनी ती खरी आहेत की नाहीत हे घड्याळ लावून पाहिले. फ्लोट हाताने वर-खाली करत त्यांनी बाकीच्या ओळीही तपासल्या आणि वहीत सोळा उत्तरे लिहून ठेवली. डबी उघडता येत नसली तरी तिची सारणी आता आमच्याकडे आहे.